रोजच्या टर्बो गाडीला स्वस्तातला इंटरकूलर: आधी नाकासमोरची हवा बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी २०१५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची. वर्षभरापूर्वी स्टेज १ रिमॅप केलेला, म्हणजे इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ताकद वाढवलेली. रोज ठाणे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि परत. सकाळी गाडी तरतरीत असते. संध्याकाळी बीकेसीतून रांगत बाहेर पडून, चुनाभट्टीचा पूल उतरून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागलात की पाय दाबला तरी ओढत नाही. विक्रोळीपर्यंत मोकळं मिळालं तर पुन्हा आपोआप बरी होते. ट्यूनर, म्हणजे रिमॅप करून देणारा, म्हणतो मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबून तापवलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारा भाग) टाका. तुमच्याकडे मजुरीसकट ४० हजार रुपये आहेत आणि कोणता घ्यावा हे विचारताय.

टर्बो गाड्यांवर काम करत मला वीसेक वर्षं झाली. त्यातल्या बहुतेक गाड्या याच शहरात रोज धावणाऱ्या, ट्रॅकवर जाणाऱ्या अगदी मोजक्या. त्या अनुभवावर सरळ सांगतो. घ्यावाच लागला तर मूळ जागेवर मूळ बोल्टांत बसणारा, मूळच्याच लांबी-उंचीचा, जाडीला थोडासाच जास्त आणि ओतीव टँकचा (टँक म्हणजे दोन्ही टोकांच्या पेट्या) घ्या. पण तुम्ही जे लक्षण लिहिलंय ते इंटरकूलर लहान पडल्याचं वाटत नाही. तो तापून बसतोय आणि त्याच्यापर्यंत गार हवा पोचत नाहीये. ही दोन दुखणी वेगळी आहेत. दुसऱ्या दुखण्यावर नुसता मोठा इंटरकूलर लावला तर संध्याकाळचा त्रास वाढूही शकतो.

थोडं गणित करू, कारण निर्णय त्यातूनच निघतो. बाहेर ३३ अंश आहे आणि टर्बो १ बार बूस्ट (जादा दाब) देतोय असं धरा, म्हणजे हवेचा दाब दुप्पट झाला. टर्बोतल्या कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर टर्बोतून निघणारी हवा सुमारे १३० अंशांवर जाते. इंटरकूलरची कामगिरी मोजायची रीत सोपी आहे: आत येणारी गरम हवा आणि बाहेरची गार हवा यांच्यातल्या फरकापैकी किती टक्के त्याने कमी केला. ७० टक्के केला तर १३० ची हवा ६२ वर येते. ८० टक्के करणारा महागडा लावलात तर ५२ वर. म्हणजे चांगल्या इंटरकूलरने १० अंश मिळवून दिले. १० अंशांनी हवा साधारण ३ टक्के दाट होते आणि नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून इंजिनाला बसणाऱ्या धक्क्यांची) भीती कमी झाल्यामुळे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तेवढं मागे ओढत नाही. ईसीयूने टायमिंग मागे घेतलं की तुम्हाला ‘गाडी ओढत नाही’ असं जाणवतं. दाटपणापेक्षा हा टायमिंगचा परिणाम पायाला जास्त कळतो.

आता तुमची गाडी उघडून बघा. तिच्या तोंडाशी सगळ्यात पुढे एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे इंटरकूलर, त्याच्या मागे रेडिएटर. तिघे एकमेकांना चिकटून. मुंबईत एसी बंद करून कोणी ऑफिसला जात नाही. म्हणजे इंटरकूलरला मिळते ती बाहेरची ३३ अंशांची हवा नसतेच, कंडेन्सरने आधीच तापवलेली असते. कुर्ल्याच्या सिग्नलला पुढच्या बसचा धूर आणि तापलेलं डांबर यांची भर. समजा त्याच्या तोंडाशी ५० अंशांची हवा येतेय. तोच ७० टक्केवाला आता ६२ ऐवजी ७४ वर हवा सोडतो. महागड्या इंटरकूलरने जे १० अंश मिळवून दिले असते, त्याहून जास्त तुम्ही तोंडाशीच घालवले. म्हणून इंटरकूलर विकत घेण्याआधी त्याच्या नाकासमोरची हवा सुधारता येते का, हे बघायचं. त्याला खर्चही कमी लागतो.

हीट सोकबद्दल, म्हणजे इंटरकूलरच्या धातूत उष्णता मुरून बसण्याबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘जितका जाडजूड तितका चांगला’ हा समज इथेच फसतो. तुमच्या इंजिनाला पूर्ण जोरात सेकंदाला साधारण १४०-१५० ग्रॅम हवा लागते. तेवढी हवा १३० वरून ६२ वर आणायची म्हणजे ९-१० किलोवॅट उष्णता काढायची. घरातले ३ किलोवॅटचे तीन इन्स्टंट गीझर एकदम चालू केल्यासारखं. ही उष्णता आधी अॅल्युमिनियमच्या अंगात जाते, मग बाहेरच्या हवेत. एक किलो अॅल्युमिनियम १ अंशाने तापायला ०.९ किलोज्यूल लागतात. ५ किलोचा इंटरकूलर बाहेरून अजिबात हवा न मिळता ५ सेकंद पूर्ण जोर सोसेल तर १०-११ अंशांनी तापेल. ८ किलोचा ७ अंशांनी. म्हणून छोट्या जोरदार धावेत वजनदार इंटरकूलर सरस ठरतो आणि विकणारे तोच आकडा दाखवतात.

पण तुम्ही धावत नाही, पाऊण तास रांगता. त्या पाऊण तासात मागून रेडिएटरची, पुढून कंडेन्सरची ऊब त्या धातूत मुरत जाते. ५ किलोचा असो की ८ किलोचा, तो बॉनेटखालच्या तापमानाला पोचतोच. मग रस्ता मोकळा झाला की जास्त धातू गार व्हायला जास्त वेळ लागतो. चुनाभट्टीचा पूल उतरल्यावर हलका इंटरकूलर घाटकोपरला सावरत असेल तर जड इंटरकूलर कांजूरला सावरेल. ट्रॅफिकमधून सुटल्यावर किती लवकर सावरतो, हा रोजच्या गाडीसाठीचा निकष. कागदावरची हॉर्सपॉवर तुमच्या कामाची नाही.

आता करायचं काय ते सांगतो.

हजार-दीड हजारात मिळणारा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावून फोनवर आकडे दाखवणारा) घ्या आणि फोनवर तीन गोष्टी नोंदवा: इनटेक (इंजिनात जाणाऱ्या) हवेचं तापमान, मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचा) दाब आणि इग्निशन टायमिंग. बाहेरचं तापमान गाडी दाखवतेच. तापमानाचा आकडा हवा इंटरकूलरमधून बाहेर पडल्यानंतरचा म्हणजे मॅनिफोल्डकडचाच वाचला जातोय याची खात्री करा. काही गाड्यांत एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचं तापमान दिसतं आणि माणूस उगाच खूश होतो. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवा. माझा ठोकताळा असा: हायवेला ८० च्या एकसारख्या वेगात इनटेकचं तापमान बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंश वर असेल तर इंटरकूलर आणि हवेचा मार्ग ठीक आहे. २५ च्या वर राहत असेल तर काहीतरी अडलंय. ट्रॅफिकमध्ये ३० अंश वर गेलं तर घाबरू नका, पण मोकळ्या रस्त्यावर दोन मिनिटांत खाली यायला हवं. तुमचं पाच-सात मिनिटं घेतंय, म्हणून मला हवेच्या मार्गाची शंका येते.

घाटातली नोंद मात्र नक्की घ्या. बोरघाट चढताना ट्रकांच्या मागे एकसारखा भार पडतो, वेग कमी असतो, एसी चालू असतो. कायद्याच्या वेगात राहून इंटरकूलरची यापेक्षा खरी परीक्षा दुसरी नाही. ठाण्यातून जवळ हवं तर घोडबंदर रोडचा गायमुखचा चढ आहे, पण तो फार लहान. हायवेवर पूर्ण पाय दाबून आकडे घेण्याच्या फंदात पडू नका. ते काम डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) करायचं.

मग पुढचा बंपर उतरवायला सांगा. हा खर्च पुढे इंटरकूलर बदलायचा असेल तरी होणारच आहे, त्यामुळे वाया जात नाही. बंपर निघाला की काय दिसेल ते मी डोळे मिटून सांगू शकतो: कंडेन्सरच्या पुढच्या तोंडावर मेट्रोच्या आणि रस्त्यांच्या कामांची धूळ, पावसाळ्यातला चिखल, किडे, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. कंडेन्सर आणि इंटरकूलर यांच्यामधल्या फटीत तर गादीच्या कापसासारखा थर बसलेला असतो आणि तो बाहेरून पाणी मारून निघत नाही. तिघांना थोडं सैल करून मधून, मागून पुढे, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवायला लागतं. इथे एक गोष्ट निक्षून सांगतो. रेडिएटरवाल्याला ‘केमिकलने चकाचक करून दे’ म्हणू नका. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला खातो आणि पातळ फिन (उष्णता सोडणाऱ्या पत्र्याच्या बारीक घड्या) पहिल्यांदा जातात. प्रेशर वॉशरची धारही फिन झोपवते. साधं पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढंच वापरायचं.

त्याच वेळी बंपरच्या आतले हवा वळवणारे प्लास्टिकचे पत्रे आणि कडेच्या फोमच्या पट्ट्या बघा. हवा आळशी असते. कोअरमधून (इंटरकूलरच्या जाळीदार गाभ्यातून) जाण्यापेक्षा बाजूने पळायला मिळालं तर ती बाजूनेच पळते. एखाद्या छोट्या धडकेनंतर बंपर बदललेला असतो आणि हे पत्रे परत बसवलेलेच नसतात. तसंच इंजिनाखालचं कव्हर. आपल्याकडे खड्ड्यात आपटून ते फाटतं, मग गॅरेजमध्ये काढून टाकतात आणि मालकाला सांगतही नाहीत. ते नसलं की खालून हवा घुसून बॉनेटखालचा दाब वाढतो आणि पुढून हवा आत ओढली जाणं कमी होतं. हे पत्रे, फोम आणि कव्हर मिळून तुम्हाला एखाद्या नव्या इंटरकूलरएवढा फरक मिळू शकतो. नंतर बसवलेले मोठे हॉर्न, जाळीची फॅन्सी ग्रिल, जादाचे दिवे हवेच्या तोंडासमोर असतील तर हलवा. रेडिएटरचे पंखे दोन्ही वेगांवर चालतात का तेही बघा, कारण रांगताना त्या तिन्ही थरांतून हवा ओढणारं दुसरं कोणीही नसतं.

यानंतर बूस्ट लीक, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेची गळती. धुराच्या मशीनने किंवा इनटेक बंद करून कमी दाबाची हवा भरून साबणाच्या पाण्याने तपासता येतं. १०-१५ पीएसआय पुरे (१ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय), गॅरेजच्या कंप्रेसरचा पूर्ण दाब सोडू नका. तुमच्या गाडीत पाईप क्लिप आणि ओ-रिंगने जोडलेले असतात आणि दहा वर्षांत ती ओ-रिंग कडक होते. गळती असली की टर्बो तेवढा दाब गाठायला जास्त फिरतो, जास्त तापलेली हवा पाठवतो आणि दोष इंटरकूलरवर येतो. पाईप काढल्यावर आत तेलाचा ओलसर हात लागला तर ते नेहमीचं आहे. तेल साठून ओतता येत असेल तर आधी पीसीव्ही (इंजिनातली तेलकट वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) आणि टर्बोचे सील तपासा, कारण तेलाचा थर आतून बसला की इंटरकूलर उष्णता सोडत नाही. स्पार्क प्लग जुने असतील तर बदला. रिमॅपनंतर त्यांच्यावर ताण वाढलेला असतो.

तुमच्या गिअरबॉक्सबद्दल एक वाक्य लिहायलाच हवं. ही गाडी मुळात २५० न्यूटन-मीटरची आणि तिचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजीही तेवढ्याच क्षमतेचा. रिमॅपने तुम्ही ती रेषा आधीच ओलांडली आहे. कोरडा क्लच रांगत्या ट्रॅफिकमध्ये स्वतः तापतो, म्हणून स्कॅन करताना गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमधले दोषही वाचून घ्या. संध्याकाळचा काही त्रास तिथून येत असेल तर जगातला कुठलाही इंटरकूलर तो घालवणार नाही. ‘इंटरकूलर टाकला, आता स्टेज २ (आणखी ताकदीचा रिमॅप) करू’ या वाटेला तर जाऊच नका. त्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढलेला डाउनपाईप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाईप) येतो, तो बेकायदा आहेच आणि त्याचा धूर तुमच्या मागे सिग्नलला उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या छातीत जातो.

एवढं सगळं करून पुन्हा आठवडाभर नोंद घ्या. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त रोजच्या गाड्या इथेच समाधानी होतात आणि ४० हजारांतले बहुतेक खिशात राहतात. त्यानंतरही बोरघाटात तापमान चढतच राहत असेल आणि टायमिंग मागे जात असेल, तर इंटरकूलर खरोखर कमी पडतोय. मग खरेदी.

खरेदीत पहिला प्रश्न कोअरच्या जातीचा. बार-अँड-प्लेट म्हणजे चौकोनी पट्ट्या आणि पत्रे रचून केलेला. दणकट, जड, दगड सोसणारा, पण पुढून येणाऱ्या हवेला जास्त अडवणारा. ट्यूब-अँड-फिन म्हणजे चपट्या नळ्या आणि मध्ये पातळ फिन. हलका, हवा मागे जाऊ देणारा, पटकन गार होणारा, पण नाजूक. इंटरकूलर सगळ्यात पुढे उघड्यावर असता तर मी बार-अँड-प्लेट सुचवला असता. तुमच्या गाडीत तो कंडेन्सरच्या मागे सुरक्षित आहे आणि त्याच्या मागे रेडिएटर हवेची वाट बघत उभा आहे. म्हणून ट्यूब-अँड-फिन किंवा पुढून विरळ फिनचा हलका बार-अँड-प्लेट.

जाडीचा मोह कसा महाग पडतो ते मी स्वतः बघितलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या टर्बो सेडानला मी स्वस्तात मिळालेला, मूळच्या जवळपास दुप्पट जाडीचा कोअर बसवला. ठाण्यात चालवून बघितली, झकास. तो गृहस्थ मे महिन्यात कुटुंबाला घेऊन पुण्याला निघाला आणि खंडाळ्याच्या चढावर पाण्याचं तापमान चढायला लागलं. एसी बंद, काचा खाली, मागे लहान मूल. त्याने शहाणपणाने गाडी बाजूला घेतली म्हणून हेड गॅस्केट वाचलं. जाड कोअरने रेडिएटरची हवा अडवली होती. कोअरच्या मागच्या अर्ध्या भागाला पुढच्या अर्ध्याने तापवलेली हवा मिळत होती, म्हणजे तो भाग धड कामही करत नव्हता आणि वाट मात्र अडवत होता. मी तो काढून मूळचा परत बसवला, पैसे परत केले. तेव्हापासून मी जाडी विचारण्याआधी पुढचं क्षेत्रफळ विचारतो.

दुसरी गोष्ट दाबाची घट. इंटरकूलरमधून जाताना हवेचा थोडा दाब पडतोच. १ पीएसआयपर्यंत चालतं. दोन-तीन पडत असेल तर तो इंटरकूलर स्वस्त असून महाग. कारण ईसीयूला मॅनिफोल्डमध्ये ठरलेला दाब हवा असतो. मधे घट झाली की तो टर्बोला अजून पिळतो, हवा अजून तापते आणि ती तापलेली हवा थंड करायला पुन्हा तोच इंटरकूलर. बिननावाच्या कोअरमध्ये आतले फिन इतके दाट असतात की फुंकर मारली तरी कळतं. विक्रेत्याला दाबाच्या घटीचा आकडा विचारा. सांगता आला नाही तर किंमत कितीही कमी असो, पुढे चला.

‘मोठ्या इंटरकूलरने टर्बो लॅग वाढतो’ असंही तुम्ही ऐकलं असेल. १.८ लिटरचं इंजिन २५०० आरपीएमला सेकंदाला सुमारे ३७ लिटर हवा ओढतं. इंटरकूलरचं पोट ३ लिटरने वाढलं तर ते भरायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. ती भीती सोडून द्या.

टँक ओतीव अॅल्युमिनियमचे असावेत. पत्रा वाकवून वेल्ड केलेले वाईटच असतात असं नाही, पण आतल्या बाजूला वेल्डची खरखरीत कड हवेच्या वाटेत येते आणि वेल्डचा सुटा कण आत राहिला तर तो थेट इंजिनात जातो. नवा इंटरकूलर कुठलाही असो, बसवण्याआधी आतून धुवा, वाळवा, पांढरं फडकं फिरवून बघा. मग दोन्ही तोंडं बंद करून, २५-३० पीएसआय हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवा. पंक्चरवाल्यासारखं. बुडबुडा आला की परत. बाहेरून काळा पातळ थर असेल तर चालेल, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत उलट बरंच. जाड पावडर कोटिंग नको, ते फिनना गोधडी पांघरल्यासारखं होतं.

आता ४० हजारांत हे मिळवायचं कसं. नामवंत परदेशी कंपनीचा नवा घ्यायला गेलात तर फक्त वेबसाइटवरची किंमत बघू नका. कुरिअर, सीमाशुल्क, कर सगळं धरून घरपोच किती ते आधी लेखी घ्या. मोठी वस्तू आहे, भाडं वजनाबरोबर आकारावरही लागतं. बहुतेकदा बजेट तिथेच संपतं.

मला त्यापेक्षा वापरलेला, पण चांगल्या कंपनीचा, याच गाडीसाठी बनवलेला इंटरकूलर जास्त पटतो. मुंबई-पुण्यात गाडी विकताना हौशी लोक मूळ भाग परत बसवतात आणि बदललेले भाग वेगळे विकतात. अशा माणसाकडून घेताना कनेक्टरची ओ-रिंग बसते ती खाच बोटाने तपासा, कोपऱ्यातल्या जोडांवर पांढरी बुरशीसारखी झीज आहे का बघा आणि बुडवून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या भागांची दुकानं आहेत. मूळ कंपनीचा सुस्थितीतला इंटरकूलर तिथे मिळू शकतो, पण तो अपघातग्रस्त गाडीचा असण्याची शक्यता धरा. पुढून धडकलेल्या गाडीत कंडेन्सरपाठोपाठ मार यालाच बसतो. कोअर सपाट पट्टीवर ठेवून पीळ बघा.

तिसरी वाट स्थानिक बनावटीची. चांगला कोअर आणून, आर्गन वेल्डिंगने मूळचीच तोंडं आणि मूळचेच माउंटिंग करून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही. अट एकच, कोअर तुम्ही निवडायचा, तो म्हणेल तो नाही. कनेक्टर मात्र मूळ गाडीचेच वापरा. स्वस्त नकलेत कोअर बरा असतो आणि कनेक्टर मिलिमीटरभर सैल, मग ऐन चढावर पाईप सुटतो.

सगळ्या गाड्यांना बसेल असं म्हणून विकला जाणारा, चमकदार पाईपांसकटचा फ्रंट-माउंट संच घेऊ नका. तो बसवायला बंपरच्या आतला धडकेचा बीम कापतात. त्या बीमवर आणि पुढच्या सेन्सरांवर तुमच्या एअरबॅगचं गणित बांधलेलं आहे. शिवाय त्याचे पाईप खाली लोंबतात. जुलैत हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात एखादा सिलिकॉन होज सरकला तर इंजिनाने पाणी ओढायला वेळ लागत नाही. पाणी साठलेल्या रस्त्यात घालायची नसतेच गाडी, पण मुंबईत कधीकधी माणूस अडकतो. विम्याचंही तसंच. जो बदल कराल तो विमा कंपनीला लेखी कळवा. नाहीतर अपघाताच्या वेळी याच गोष्टीवर वाद होतो.

इंटरकूलरवर पाण्याचा फवारा बसवण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात तो कामाचा ठरेल. आपल्याकडे हवा आधीच पाण्याने भरलेली, पाणी सावकाश उडतं, मग गारवा तेवढा मिळत नाही. वर खारट-चिखलट पाणी फिनवर सुकत राहणार. पैसे वाचवा.

बसवणारा निवडताना एक विचारा: एसीचा गॅस न सोडता कंडेन्सर बाजूला घेणार का? तुमच्या गाडीत ते जमतं, पण धीर लागतो. घाई करणारा कंडेन्सरचा पाईप वाकवतो आणि इंटरकूलरच्या जोडीला एसीचं बिल येतं. नव्या ओ-रिंग अस्सलच टाका. जिथे होज-क्लिप आहेत तिथे स्क्रूने आवळायच्या साध्या क्लिपऐवजी टी-बोल्ट क्लॅम्प. फोमच्या पट्ट्या आणि हवेचे पत्रे परत बसवलेत हे बंपर चढवण्याआधी स्वतः उभं राहून बघा, फोटो काढा. नंतर शंभर किलोमीटरवर एकदा सगळे जोड पुन्हा तपासायला गाडी न्या.

तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन १.० टीएसआय असलेल्या पोलो, कुशाक, व्हर्टसवालेही येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. त्यांच्या गाडीत इंटरकूलर पुढे नसून इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला, पाण्याने थंड होणारा आहे. त्यामुळे वरचं खरेदीचं काहीही त्यांना लागू नाही. त्यांनी त्या इंटरकूलरच्या वेगळ्या कूलंट सर्किटची पातळी, त्यात अडकलेली हवा, छोटा इलेक्ट्रिक पंप आणि पुढचा छोटा रेडिएटर तपासावा.

आणि ऑक्टाव्हियावाले, बंपर उतरवला की कंडेन्सरच्या फटीचा आणि इंजिनाखालच्या कव्हरचा फोटो पाठवा, सोबत आठवड्याच्या संध्याकाळच्या नोंदी. कोअर घ्यायचा की नाही हे त्यावरून दहा मिनिटांत ठरवता येईल. तोपर्यंत कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.